जूनमध्ये जुलैचा बाजार कुणाला कळतो?

नारायणगावच्या टोमॅटो बाजाराला २०२३ सालापासून एक आरोप चिकटला आहे. पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यांत तो जसा ऐकू येतो, तसाच मंचरच्या चहाच्या टपरीवरही. आरोप असा: त्या वर्षी इथल्या गाळेवाल्या आडत्या-व्यापाऱ्यांनी रग्गड कमावलं, आगाऊ कर मात्र वेळेवर भरला नाही, आणि आता मोबाइलवर आयकर खात्याचा संदेश आला किंवा व्याजाचा आकडा लागला की ओरड सुरू. नोकरदाराच्या पगारातून महिन्याच्या महिन्याला कर कापला जातो, तो कधी कुरकुरतो का? मग गाळेवाल्यांचेच एवढे लाड कशाला?

यातला खरा भाग आधी मान्य करून टाकू. वर्षाचा कर १०,००० रुपयांच्या पुढे जाणार असेल, तर तो वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी भरायचा, असा कायदा आहे. तो काही काल-परवा निघालेला नाही. दुसरं महायुद्ध चालू असताना, १९४४ साली, १९२२ च्या आयकर कायद्यात १८अ हे कलम घालून ही पद्धत देशात आली. सरकारला पैसा वर्षभर लागतो, तेव्हा तो वर्षभर यावा, याबद्दल माझं भांडण नाही. कर बुडवणाऱ्याची वकिलीही मला करायची नाही. भांडण एका तारखेशी आणि त्या तारखेच्या हिशेबाशी आहे. आरोप करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो हिशेब कधी उलगडून पाहिलेला नाही.

२०२३ चं वर्ष आठवा. मे महिन्यात टोमॅटोला तोडणीचा खर्चही सुटत नव्हता. राज्यात काही ठिकाणी शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला. जूनच्या शेवटी भाव उसळायला लागले, तेव्हा खुद्द केंद्र सरकार सांगत होतं की ही हंगामी आणि तात्पुरती वाढ आहे. जुलैत नारायणगावात वीस किलोचं कॅरेट दोन हजारांच्या पुढे गेलं आणि जुन्नर तालुक्यातल्या एका शेतकरी कुटुंबाची दीड कोटीची बातमी देशभर फिरली. त्याच जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सरकारने नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांना टोमॅटो विकत घ्यायला सांगितला. दिल्लीत तो सवलतीने विकला जाऊ लागला, आणि ऑगस्टमध्ये आवक वाढेल या आशेने केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयाच्या पत्रकात नारायणगाव पट्ट्याचं नाव आलं. १० ऑगस्टला अर्थमंत्र्यांनी लोकसभेत नेपाळहून टोमॅटो आणत असल्याचं सांगितलं. सप्टेंबर उजाडला तोवर बाजार पुन्हा झोपलेला होता.

आता या पंचांगावर आयकराचं पंचांग ठेवा. पहिला हप्ता १५ जून, १५ टक्के. दुसरा १५ सप्टेंबर, एकूण ४५ टक्के. तिसरा १५ डिसेंबर, ७५ टक्के. चौथा १५ मार्च, शंभर टक्के. म्हणजे २०२३ मध्ये पहिला हप्ता भाव चढण्याच्या आधी होता आणि दुसरा भाव पडल्यानंतर. ज्या तेजीबद्दल बोट दाखवलं जातं, ती सगळी या दोन तारखांच्या मधे येऊन गेली.

टोमणा मारणारे म्हणतील, बरं मग, सप्टेंबरमध्ये भरा की राहिलेलं. भरलं तरी सुटका नाही, हेच तर सांगायचं आहे. २३४क या कलमाखाली जूनच्या हप्त्याचं व्याज काढताना तुम्ही जूनमध्ये काय अंदाज केला होता, तो वाजवी होता की नव्हता, हे कुणी विचारत नाही. वर्ष संपल्यावर विवरणपत्रात जे उत्पन्न ठरतं, त्यावरचा पूर्ण कर घ्यायचा, त्याचे १५ टक्के काढायचे, आणि तेवढे तुम्ही १५ जूनला भरले होते का, हे पाहायचं. बारा टक्क्यांपर्यंत भरले असतील तर माफ. त्याहून कमी असतील तर सगळ्या तुटीवर महिना एक टक्का, तीन महिने. मार्चमध्ये जे कळलं ते तुम्हाला जूनमध्ये कळायला हवं होतं, असं कायदा गृहीत धरतो. खुद्द सरकारला जूनअखेर जे कळलं नाही ते गाळ्यावरच्या माणसाला पंधरा दिवस आधी कळायला हवं होतं!

आणि इथेच नोकरदाराशी केलेली तुलना कोसळते. पगारदाराचा कर कापतात तो हातात पडणाऱ्या पगारातून. ऑक्टोबरमध्ये त्याला बढती मिळाली, तर मालक पुढच्या महिन्यांत कपात वाढवतो. जूनमध्ये तू कमी का भरलास, असं त्याला कुणी विचारत नाही. गाळेवाल्याकडून मागतात तो न मिळालेल्या पैशावरचा कर, आणि पैसा मिळाल्यावर मागच्या तारखेपासून व्याजही. दोघांना एका तागडीत तोलणाऱ्यांनी तागडी तरी नीट धरावी.

गंमत म्हणजे, व्यक्तींसाठी जूनचा हा हप्ता २०१६ पर्यंत नव्हताच. तो फक्त कंपन्यांना होता. इतरांना तीन हप्ते होते: सप्टेंबरपर्यंत ३०, डिसेंबरपर्यंत ६० आणि मार्चपर्यंत १०० टक्के. २०१६ च्या वित्त कायद्याने सगळ्यांना कंपन्यांच्या रांगेत उभं केलं. तिमाही ताळेबंद काढणारी मुंबईची कंपनी आणि पहाटे कॅरेटं उतरवून घेणारा, विक्रीच्या पट्ट्या फाडणारा, संध्याकाळी उधारीची वही मिटणारा नारायणगावचा आडत्या, दोघांना आता एकच वेळापत्रक. तेव्हा ‘हे लोक नवीन सवलत मागतायत’ असं कुणी म्हणत असेल, तर त्याला सांगा: २०१६ आधी जे होतं तेच मागतायत.

कायदा करणाऱ्यांना न कळणाऱ्या उत्पन्नाची अडचण समजत नाही असंही नाही. त्याच २३४क मध्ये एक परंतुक आहे. भांडवली नफा, लॉटरी, पहिल्यांदाच सुरू झालेला धंदा आणि अलीकडे जोडलेला लाभांश, या उत्पन्नांमुळे हप्ता कमी पडला आणि पुढच्या हप्त्यांत भरून काढला, तर व्याज नाही. अर्ज नाही, विनवणी नाही, आपोआप. शेअर कधी विकला जाईल हे आधी कसं सांगणार, हा युक्तिवाद संसदेला पटला. कंपनी लाभांश कधी जाहीर करेल हे भागधारकाला कसं कळणार, हाही पटला. लॉटरीचं तर बोलायलाच नको. मग बेंगळुरूकडचा माल कमी पडल्यामुळे नारायणगावचा भाव दहापट होईल, हे आडत्याला आधी कसं कळणार, हा युक्तिवाद का पटू नये? घरबसल्या लाभांश घेणाऱ्याला सूट आणि नाशवंत मालात रोज पैसा अडकवणाऱ्याला व्याज, यामागचं तर्कशास्त्र कुणीतरी एकदा समजावून सांगावं.

याला एक तयार उत्तर मिळतं: तुमच्यासाठीही सोय आहे, अर्ज करा. सोय आहे, हे खरं. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या २६ जून २००६ च्या आदेशात असं म्हटलं आहे की हप्त्याची तारीख उलटल्यावर असं उत्पन्न झालं, जे करदात्याच्या ध्यानीमनी नव्हतं, आणि त्यावरचा कर त्याने उरलेल्या हप्त्यांत भरला, तर मुख्य आयुक्त २३४क चं व्याज कमी किंवा माफ करू शकतात. म्हणजे अडचण खरी आहे हे मंडळाने स्वतःच लिहून ठेवलं आहे. पण ही माफी मुख्य आयुक्तांच्या मर्जीवर. ओतूरच्या माणसाने काही शे रुपयांच्या व्याजासाठी वकील लावायचा, कागद जोडायचे, पुण्याच्या फेऱ्या मारायच्या. नाकापेक्षा मोती जड. १९८९ आधीच्या व्यवस्थेत निदान आकारणी करणाऱ्या अधिकाऱ्यालाच व्याज कमी करण्याचा अधिकार होता. तो गेला, आणि अंजुम घासवाला खटल्यात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने २३४ अ, ब आणि क चं व्याज सक्तीचं आहे हे पक्कं केलं. तेव्हापासून खालच्या टेबलावर ‘साहेब, जरा बघा ना’ म्हणण्याला काही अर्थ उरलेला नाही.

‘काही शे रुपये’ म्हणालो, तर तो हिशेबही मांडतो, कारण पुढचा आक्षेप त्यावरच येतो. समजा, एका माणसाचा गाळाही आहे आणि शेतीही. आपल्याकडे हे घरोघर आहे. २०२३-२४ मध्ये गाळ्याचं निव्वळ उत्पन्न १२ लाख. उन्हाळी टोमॅटोत तोटा, म्हणून जूनमध्ये त्याने शेतीचं उत्पन्न शून्य धरलं. नव्या करप्रणालीत १२ लाखांवर कर ९०,००० आणि उपकर धरून ९३,६००. त्याचे १५ टक्के, १४,०४० रुपये, त्याने १५ जूनला इमानदारीत भरले. मग जुलै आला आणि स्वतःच्या रानातल्या टोमॅटोचे ४० लाख सुटले. हे ४० लाख करमुक्त आहेत, कलम १०(१) प्रमाणे. पण करमुक्त असले तरी दर ठरवताना ते मोजले जातात. १९७३ पासून ही तरतूद आहे आणि शेतकऱ्याला कर नाही म्हणून नाक मुरडणाऱ्यांना ती हटकून माहीत नसते. शेतीचे ४० लाख खाली ठेवून त्याच्या डोक्यावर गाळ्याचे १२ लाख चढवले जातात. त्यामुळे त्यातल्या करपात्र ९ लाखांना थेट ३० टक्क्यांचा वरचा दर लागतो. कर होतो २,७०,०००, उपकरासह २,८०,८००. गाळ्यावर एक रुपया जास्त मिळाला नाही आणि गाळ्याचा कर तिप्पट झाला.

इथवरही हरकत नाही, कायदा आहे, भरू. आता जूनचा हप्ता मोजा. २,८०,८०० चे १५ टक्के म्हणजे ४२,१२०. भरले १४,०४०. तूट २८,०८०, व्याजासाठी २८,०००. महिना एक टक्का, तीन महिने: ८४० रुपये. सप्टेंबर, डिसेंबर, मार्चचे हप्ते त्याने चोख भरले असले तरी हे ८४० रुपये चिकटलेच.

“आठशे चाळीस रुपयांसाठी एवढं पुराण?” हा तो आक्षेप. रक्कम क्षुल्लक असेल तर सरकारला तरी ती कशाला हवी आहे? आणि लाभांशवाल्याची तशीच क्षुल्लक रक्कम माफ करायला कायद्यात दुरुस्ती कशाला केली? रक्कम लहान आहे ती या उदाहरणात. तेजीत गाळ्याचंच उत्पन्न अनपेक्षितपणे साठ लाखांवर गेलं, तर ती लहान राहत नाही. शिवाय खरं नुकसान व्याजात नाही, भीतीत आहे. एकदा व्याज बसलं की पुढच्या जूनमध्ये माणूस गेल्या वर्षीच्या आकड्यावर हप्ता भरतो. त्या वर्षी बाजार पडला, तर जास्त भरलेला पैसा परताव्याची वाट बघत खात्याकडे पडून. परताव्यावर खातं देतं महिना अर्धा टक्का, आणि तोही पुढच्या १ एप्रिलपासून. जूनमध्ये भरलेल्या पैशावर मार्चपर्यंत छदामही नाही. परतावा एकूण कराच्या दहा टक्क्यांहून कमी असेल तर व्याजच नाही. घ्यायचं तेव्हा एक टक्का, द्यायचं तेव्हा अर्धा. ज्या धंद्यात शेतकऱ्याला रोजच्या रोज पैसे मोजावे लागतात आणि शहरातल्या खरेदीदाराकडून ते पंधरवड्याने येतात, तिथे जूनचं हे भांडवल कुठून काढायचं, हे गाळ्यावर बसून पाहावं.

“मग लहान व्यापाऱ्यांची सोय ४४अड मध्ये केलेली आहे की,” असंही एक जाणकार वाक्य फेकलं जातं. उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर नफा दाखवा, १५ मार्चला एकाच हप्त्यात कर भरा. उत्तम योजना, पण बाजार समितीच्या फाटकाबाहेरची. आडत हे कमिशन आहे आणि कमिशनचं उत्पन्न या योजनेतून वगळलेलं आहे, म्हणजे आडत्या बाहेर. राहिला स्वतः माल घेणारा व्यापारी. त्याला उलाढालीची मर्यादा दोन कोटी, रोखीची जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर तीन कोटी. कॅरेट २०० रुपयांना असताना दोन कोटी गाठायला एक लाख कॅरेटं लागतात. २,००० रुपयांना असताना दहा हजार पुरतात. माल तितकाच, टेम्पो तितकेच, कॅरेटमागचा नफाही कदाचित तितकाच, पण भाव चढला म्हणून माणूस योजनेबाहेर. आणि योजनेबाहेर गेला की जो जूनचा हप्ता त्याला जूनमध्ये लागूच नव्हता, तो मागाहून चुकलेला ठरतो. जुलैच्या भावाने जूनचा गुन्हा घडतो!

आयकर खात्याला बाजार समितीची रीत कळत नाही असं म्हणायला जागा नाही. वर्षाला एक कोटीच्या वर रोख काढली तर बँकेने दोन टक्के कर कापायचा, असा नियम आला, तेव्हा २० सप्टेंबर २०१९ च्या अधिसूचनेने बाजार समितीतल्या आडत्या-व्यापाऱ्यांना, शेतकऱ्याला पैसे देण्यासाठी काढलेल्या रकमेपुरती सूट मिळाली. शेतमालाचे पैसे शेतकऱ्याला रोखीने दिले तरी तो खर्च अमान्य होत नाही, हेही नियमांत आहे. रोखीच्या बाबतीत जी समज दाखवली, ती तारखांच्या बाबतीत का दाखवता येत नाही?

शेतीच्या नावाखाली काळा पैसा पांढरा होतो, हा शेवटचा हुकमी पत्ता. होतो. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी (कॅग) २०१९ च्या अहवालात शेती उत्पन्नाची सूट पुरेशी तपासणी न करता दिली गेल्याबद्दल खात्याचेच कान धरले आहेत. त्यावर इलाज आहे विवरणपत्राची कसून छाननी: सातबारा, पट्ट्या, बँकेचे उतारे. बनावट शेतकरी जूनच्या हप्त्याने सापडत नाही. तो हप्ता बिनचूक भरण्याइतका हुशार असतो.

आता थोडं आपल्या बाजूच्या लोकांशी, कारण तिकडेही शहाणपणाचा सुकाळ नाही. ‘शेतमालाचा पैसा आहे, नोटिशीला उत्तरच देऊ नका’ असा सल्ला जुन्नर-आंबेगावात सर्रास दिला जातो. तो घातक आहे. शेतकऱ्याने पिकवलेला टोमॅटो करमुक्त, नर्सरीतली रोपंसुद्धा करमुक्त. पण आडत, व्यापारातला नफा, कोंबड्या, दूध, भाड्याचा ट्रॅक्टर, ठेवींचं व्याज यांतलं काहीही शेती नव्हे. या दोन्हींची एकत्र खिचडी करून ‘शेती’ म्हणणाऱ्यामुळेच बाकीच्यांवर संशय येतो.

आणि येणारा प्रत्येक कागद सारखा नसतो. १० मार्च २०२४ ला, रविवारी, प्रत्यक्ष कर मंडळाने जाहीर केलं की ज्यांचे व्यवहार मोठे आणि भरलेला कर त्या मानाने कमी दिसतो, त्यांना ईमेल आणि एसएमएस पाठवले जात आहेत, १५ मार्चपर्यंत हिशेब करून भरा. ती आठवण होती, मागणी नव्हती. तिला पोर्टलवर उत्तर द्यायचं: कोणती जमा शेतीची, कोणती शेतकऱ्याला फिरवून दिलेली, कोणती स्वतःची. विवरणपत्रानंतर येणारी सूचना, जिच्यात २३४ब आणि २३४क चे आकडे असतात, ती वेगळी. त्यातला आकडा तपासा, चूक असेल तर दुरुस्ती मागा. तिसरा प्रकार सगळ्यांत वजनदार: २१०(३) खालचा आदेश. ज्याची आधी आकारणी झाली आहे त्याला अधिकारी मागच्या वर्षाच्या उत्पन्नावरून लेखी सांगू शकतो की यंदा इतका आगाऊ कर भर. हा आदेश फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवसापर्यंत काढता येतो. इथे लोक गारठतात आणि पतसंस्थेतून उचल घेऊन आकडा भरून टाकतात. त्याची गरज नाही. यंदाचं उत्पन्न कमी आहे असं वाटत असेल, तर कायद्यानेच दिलेल्या हक्काने २८अ हा नमुना भरून स्वतःचा अंदाज कळवायचा आणि त्याप्रमाणे हप्ता भरायचा. कुणाची परवानगी लागत नाही. अंदाज मात्र पट्ट्यांवर उभा हवा, चुलत्याच्या सल्ल्यावर नको, कारण वर्षाचा कर नव्वद टक्क्यांहून कमी भरला गेला तर २३४ब चं व्याज १ एप्रिलपासून वेगळं सुरू होतं.

२०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू. वर दिलेले कलमांचे आकडे जुन्या कायद्यातले आहेत; नव्यात ते बदलले, भाषा सुटसुटीत केली असं सांगतात. आगाऊ कराच्या चार तारखा मात्र जशाच्या तशा, आणि जूनचा हप्ताही.

तेव्हा मागणी एवढीच. बाजार समितीच्या आवारात नाशवंत शेतमालाची आडत किंवा व्यापार करणाऱ्यांना पहिला हप्ता सप्टेंबरपासून ठेवा, जसा २०१६ आधी होता. ते जमत नसेल, तर २००६ च्या आदेशातलं ‘ध्यानीमनी नसलेलं उत्पन्न’ मुख्य आयुक्तांच्या टेबलावरून उचलून व्याजाच्या परंतुकात, लॉटरी आणि लाभांशाच्या शेजारी, बसवा. दर वर्षी अर्थसंकल्पाच्या आधी अर्थ मंत्रालय व्यापारी संघटनांकडून सूचना मागवतं. जुन्नर आणि मंचरच्या बाजार समित्यांनी, दोन्हीकडच्या आडत्यांनी आणि व्यापाऱ्यांनी, २०२३ च्या आपल्या पट्ट्या आणि चलनं जोडून हे निवेदन एकत्र पाठवावं. खासदारांच्या सत्कारात वेळ घालवण्यापेक्षा त्यांच्या हातात हे निवेदन द्यावं.